दुसऱ्या पालकाकडून मुलाचे हाल होत आहेत असे वाटते तेव्हा: कळवावे की थांबावे?

थोडक्यात

- मुलाच्या जिवाला आत्ता धोका असेल तर ११२ वर फोन करा. इतर वेळी बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. ती मोफत असून चोवीस तास सुरू असते.
- कळवण्यासाठी पुरावा लागत नाही. प्रामाणिक शंका पुरेशी असते. खरे-खोटे तपासणे यंत्रणेचे काम आहे.
- लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर कळवायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. कायद्याने ते बंधनकारक आहे.
- गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. अनेक घरांना तक्रारीपेक्षा मदतीची गरज असते.
- कळवले म्हणजे मूल आईवडिलांपासून काढून घेतले जाईल, असे नाही. तो शेवटचा मार्ग असतो.

हा प्रश्न अवघड का वाटतो

बालरुग्णांच्या ओपीडीत हा प्रश्न सहसा सरळ विचारला जात नाही. स्वतःच्या मुलाचा खोकला दाखवून झाला की आई दाराशी थांबते आणि म्हणते, "डॉक्टर, एक विचारायचं होतं. आमच्या शेजारी एक लेकरू आहे..." कधी ते लेकरू जावेचे असते, कधी मुलीच्या वर्गमैत्रिणीच्या घरचे, तर कधी वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याकडे सुट्टीत जाऊन आलेले स्वतःचेच मूल असते.

पुढची वाक्येही ठरलेली असतात. "दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं?" "माझा गैरसमज असला तर?" "गावात तोंड कसं दाखवायचं?" ही भीती खोटी नाही. जालन्यासारख्या जिल्ह्यात, विशेषतः भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगीच्या खेड्यांत, कोणी काय बोलले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. शेताचा बांध, पाण्याची पाळी, सोयरीक अशा कितीतरी गोष्टींत तीच माणसे पुन्हा समोर येणार असतात.

पण दुसरी बाजूही पाहावी लागते. दोन वर्षांचे मूल स्वतः फोन करू शकत नाही. आठ वर्षांच्या मुलाला घरात घडते ते चूक आहे हेच माहीत नसते. त्याच्यासाठी बोलू शकणारे मोठे माणूस बहुतेक वेळा घराबाहेरचेच असते.

आधी नीट पाहा: कोणती खूण काय सांगते

धावणाऱ्या-खेळणाऱ्या मुलाला खरचटणारच. गुडघे, नडगी, कोपर, कपाळ या हाडांवरच्या जागा पडल्या-झडल्यावर काळ्यानिळ्या होतात. पुढील खुणा मात्र गंभीरपणे घ्या:

- चार महिन्यांपेक्षा लहान बाळाच्या अंगावर कुठेही काळानिळा डाग. जे बाळ अजून पालथे पडत नाही, त्याला आपोआप मार लागत नाही.
- चार वर्षांपेक्षा लहान मुलाच्या छाती-पोट-पाठीवर, कानावर किंवा मानेवर वळ.
- पट्टा, वायर, काठी किंवा बोटांचा ठसा स्पष्ट दिसणारे वळ.
- दोन्ही पायांवर मोजे घातल्यासारखी सरळ कड असलेली भाजल्याची जखम. गरम पाणी चुकून सांडले तर डाग वेडेवाकडे असतात. पाय पाण्यात धरले तर कड सरळ येते.
- लहान बाळाचे मोडलेले हाड, आणि ते कसे मोडले याची दर वेळी बदलणारी हकीगत.
- अंगावर खूण नसताना बाळ अचानक सुस्त होणे, उलट्या, झटके. बाळाला जोरात गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी बाळाला लगेच रुग्णालयात न्यावे लागते.

वागण्यातले बदलही पाहा. मूल घरी जायला घाबरते, एखाद्या ठरावीक माणसासमोर थिजते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, शाळेत डब्याशिवाय येऊन इतरांचे खाणे घेते, वयाला न शोभणारी लैंगिक भाषा किंवा खेळ करते. यांपैकी एकट्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही. अनेक गोष्टी एकत्र आणि वारंवार दिसल्या तर चित्र बदलते.

मारहाण वाटते, पण नसते

- अनेक बाळांच्या कमरेवर, नितंबांवर जन्मापासून निळसर-करडे डाग असतात. ते दुखत नाहीत आणि काही वर्षांत फिके होतात.
- बिब्ब्याचे तेल लावल्याने त्वचा काळी पडून फोड येतात. पोट दुखते म्हणून घरच्यांनीच ते लावलेले असते. पोटावर चटके किंवा डाग देण्याचा प्रकारही काही घरांत अजून चालतो. इथे हेतू इलाजाचा असला तरी इजा खरीच असते. बाळाला डॉक्टरकडे नेणे आणि असे पुन्हा न करण्याबद्दल घरच्यांना समजावणे आवश्यक आहे.
- त्वचेच्या जंतुसंसर्गाचे गोल फोड विडी-सिगारेटच्या चटक्यासारखे दिसू शकतात.
- हिमोफिलिया किंवा प्लेटलेट कमी होण्याच्या आजारात किरकोळ धक्क्यानेही अंग काळेनिळे पडते.

डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे "हा कालचाच मार आहे" असे छातीठोक सांगू नका. जे दिसले तेवढेच सांगा.

गरिबी आणि हेळसांड यांतला फरक

आपल्या भागात हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून अनेक जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जाणे टळत नाही. मूल आजीजवळ राहते किंवा फडावर जाते. दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन घर सांभाळते. हे मुलासाठी चांगले नाही, पण आईवडिलांना मुलाची पर्वा नाही असाही याचा अर्थ होत नाही.

स्वतःला तीन प्रश्न विचारा:

१. या पालकांकडे दुसरा मार्ग होता का, आणि तो असूनही त्यांनी मुलाकडे दुर्लक्ष केले का?
२. मदत मिळाली तर परिस्थिती सुधारेल का?
३. मदत देऊ केल्यावर ते ती घेतात, की मुलाला लपवतात?

पैसा, वेळ, आजारपण ही अडचण असेल तर आधी मदतीचा रस्ता दाखवा. सहा वर्षांखालच्या मुलासाठी अंगणवाडी आहे. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, त्याबद्दल शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा. एक पालक गमावलेल्या किंवा संकटात सापडलेल्या कुटुंबातील मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करता येतो. बाळंतपणानंतर आई उदास असेल, बाळाकडे पाहत नसेल, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. टेलिमानस १४४१६ या मोफत क्रमांकावर मानसिक आरोग्याबद्दल सल्ला मिळतो.

पैसे असूनही मूल उपाशी राहते, तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात नेले जात नाही, दारू पिऊन पडलेल्या बापाच्या भरवशावर रांगते बाळ दिवसभर सोडले जाते, मदत नाकारून दार लावून घेतले जाते: ही हेळसांड आहे. ती कळवावी.

निर्णय कसा घ्यावा: चार पायऱ्या

१. आत्ता धोका आहे. मारहाण सुरू आहे, लहान बाळ घरात एकटे कोंडलेले आहे, मूल बेशुद्ध आहे, कोणी मुलाला घेऊन आत्महत्येची धमकी देत आहे. ११२ वर फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८. इथे विचार करण्यात वेळ घालवू नका.

२. कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, म्हणजे पोक्सो, याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवायचे असते. माहिती असून न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे शेजाऱ्याला, आजीला, शिक्षकाला, डॉक्टरला, सगळ्यांना लागू आहे.

हे कलम केवळ कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात, माहिती असून पोलिसांना न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले.

३. बालविवाह ठरतो आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते, आणि मराठवाड्यात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी कुठे ठेवायची, या काळजीतून अनेक लग्ने घाईने उरकली जातात. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण नसताना लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. हळद लागण्याआधी कळवले तर आईवडिलांना समजावून लग्न थांबवता येते. मांडवात पोलीस येण्यापेक्षा ते सर्वांसाठी सोपे असते.

४. वारंवार मारहाण, हेळसांड, छळ. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ७५ नुसार, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण करणे, टाकून देणे किंवा जाणूनबुजून दुर्लक्षित ठेवणे हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अशा वेळी १०९८ वर बोला. कळवायचे की नाही अशा द्विधेत असाल तरी फोन करून नुसता सल्ला विचारता येतो.

त्या पालकाशी आधी बोलावे का?

थकलेली, चिडलेली, एकटी पडलेली आई असेल तर जरूर बोला. "तू लेकराला मारतेस" असे म्हणू नका. "तुझी फार धावपळ होते गं. दुपारी तासभर पोराला माझ्याकडे ठेव" असे म्हणा. कित्येक घरांत एवढ्यानेही फरक पडतो.

पुढील परिस्थितीत मात्र त्या पालकाशी बोलू नका, थेट कळवा: लैंगिक अत्याचाराची शंका, तान्ह्या बाळाला इजा, हत्याराने मारहाण, किंवा तुम्ही बोलल्याचा राग मुलावर निघेल अशी भीती. अशा घरात आधी बोलले तर मुलाला गप्प केले जाते किंवा दुसऱ्या गावी पाठवले जाते.

त्या घरात आईलाही मारहाण होत असेल तर मूल आणि आई या दोघांसाठी मदत मागा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली न्यायालय आईला संरक्षण आणि मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकते.

मूल तुमच्याशी बोलले तर

- शांतपणे ऐका. चेहऱ्यावर धक्का किंवा संताप दिसू देऊ नका. मूल लगेच थांबते.
- "मग काय झालं?" एवढेच विचारा. "काकांनी इथे हात लावला का?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न नकोत.
- "तू सांगितलंस हे बरं केलंस. यात तुझी चूक नाही" असे सांगा.
- "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. "तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगेन" असे म्हणा.
- पुन्हा पुन्हा विचारू नका, मोबाइलवर चित्रण करू नका, चार नातेवाइकांसमोर वदवून घेऊ नका. त्याने मुलाला त्रास होतो आणि पुढे त्याच्या सांगण्यावर शंका घेतली जाते.
- मुलाचेच शब्द, तारीख, वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा.
- लैंगिक अत्याचार नुकताच झाला असेल तर तपासणीआधी शक्यतो आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. सरकारी किंवा खासगी कोणत्याही रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार देणे बंधनकारक आहे. त्यासाठी आधी पोलिसांचा कागद आणा असे ते म्हणू शकत नाहीत.

फोनवर काय सांगावे

मुलाचे नाव, अंदाजे वय, घराची खूण, गाव व तालुका. काय पाहिले, काय ऐकले, किती वेळा. मूल आत्ता कुठे आहे. घरात आणखी मुले आहेत का. तुम्ही स्वतः पाहिलेले आणि लोकांकडून ऐकलेले वेगवेगळे सांगा. "बाप राक्षस आहे" यापेक्षा "या महिन्यात तीनदा रात्री मुलाच्या ओरडण्याचा आवाज आला, दुसऱ्या दिवशी पाठीवर वळ होते" हे कितीतरी उपयोगी ठरते.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच, अंगणवाडी सेविका अशी माणसे तिच्यात असतात. पण त्या घराचे समितीतल्या कोणाशी नाते किंवा राजकारण असेल तर तिकडे न जाता थेट १०९८ किंवा जालन्यातील जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधा. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाचे नाव किंवा फोटो कधीही टाकू नका. मुलाची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे.

कळवल्यावर काय होते

बाल संरक्षण यंत्रणेचे कर्मचारी घरी भेट देतात किंवा माहिती घेतात. गरज असेल तर प्रकरण बालकल्याण समितीसमोर जाते. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाला ताब्यात घ्यावे लागले तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत समितीसमोर हजर करावे लागते. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, मुलाचे म्हणणे ऐकते आणि मग ठरवते: मूल घरीच ठेवून पालकांचे समुपदेशन व देखरेख, आजी-मामासारख्या नातेवाइकाकडे सोपवणे, किंवा काही काळ बालगृह. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायद्याचे तत्त्वच आहे.

पोक्सोच्या प्रकरणात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात.

माझी शंका चुकीची निघाली तर?

प्रामाणिकपणे दिलेली माहिती चुकीची निघाली म्हणून शिक्षा होत नाही. पोक्सो कायदा अशा व्यक्तीला संरक्षण देतो. शिक्षा आहे ती बदनामी, धमकी किंवा पैसे उकळण्यासाठी मुद्दाम केलेल्या खोट्या तक्रारीला. बांधावरचे किंवा निवडणुकीतले भांडण मुलाच्या नावाने लढू नका. त्यात ते मूल चिरडले जाते, आणि पुढच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

१०९८ वर नाव न सांगताही माहिती देता येते. मात्र लहान गावात कोणी कळवले असेल याचा अंदाज लोक बांधतातच. ही किंमत कधीकधी मोजावी लागते. ती मुलाला मोजाव्या लागणाऱ्या किमतीशी ताडून पाहा.

दुसरा पालक म्हणजे तुमचाच जोडीदार असेल तर

घटस्फोटाचा किंवा ताब्याचा दावा सुरू असताना केलेली तक्रार "सूड म्हणून केली" असे म्हटले जाते. म्हणून खरी भीती असेल तर गप्प बसू नका, पण पद्धत सांभाळा. मूल परत आल्यावर त्याला झडती घेतल्यासारखे प्रश्न विचारू नका. जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा आणि मुलाने सांगितलेले कारण केसपेपरवर नोंदवून घ्या. तिकडे मुलाला टीव्ही जास्त दाखवला, वेळेवर झोपवले नाही, सासूने टोमणे मारले, हे संगोपनातले मतभेद आहेत. मार, उपासमार, दारूच्या नशेत मुलाला गाडीवर नेणे, लैंगिक शंका, हे धोके आहेत. महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

काहीच झाले नाही तर

एका फोनवर सगळे सुटेलच असे नाही. नवीन काही दिसले की पुन्हा कळवा. पहिल्या फोनची तारीख आणि तक्रार क्रमांक सांगा. बालकल्याण समितीकडे कोणतीही व्यक्ती लेखी अर्ज करू शकते. त्यापुढे महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे.

आणि त्या मुलाशी नाते तोडू नका. तक्रार करून आपले दार बंद करून घेऊ नका. तुमच्या ओट्यावर त्याला बसता आले, तुमच्या मुलाबरोबर दोन घास खाता आले, तर पुढच्या वेळी काही घडले की ते कोणाकडे धावायचे हे त्याला माहीत असेल.

तुमच्या डॉक्टरला विचारा

नुसती शंका असली तरी तुमच्या बालरोगतज्ज्ञाशी, आशाताईशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोला. लैंगिक अत्याचाराची शंका आमच्या कानावर आली तर आम्हालाही ती कळवावीच लागते, हे आधीच सांगून ठेवतो. बाकीच्या बाबतीत खूण आजाराची आहे की इजेची, हे ठरवायला आम्ही मदत करू शकतो. त्यासाठी मुलाला पाहावे लागते. शक्य असेल तर त्याच्या आईला सोबत घेऊन या. "दवाखान्यात निघालेच आहे, तुझ्या बाळालाही दाखवून आणू" हे वाक्य कोणालाही लागत नाही, आणि अनेकदा सुरुवात तिथूनच होते.